कोर्टातल्या कर्मचाऱ्याचा गैरव्यवहार: तक्रार कुणाकडे, चौकशी कशी, आणि ती कोसळते कुठे? (सोलापूर जिल्हा)

सातरस्ता
समन्स घेऊन कुणी आलंच नाही, तरी कागदावर "घर बंद, दारावर चिकटवले". ताबा वॉरंटाची (घर-जमिनीचा ताबा मिळवून देणाऱ्या हुकमाची) तारीख लागावी म्हणून पैशाची मागणी. नकलेसाठी सरकारी फीच्या वर वरकड. दंडाच्या पावतीवर एक आकडा नि स्थळप्रतीवर (कार्यालयात राहणाऱ्या प्रतीवर) दुसरा. असं काही घडलं तर काय करायचं, हे इथं अधूनमधून कुणीतरी विचारतं आणि उत्तर मिळतं "वर अर्ज करा". वर म्हणजे कुठं? लोक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज देतात, पालकमंत्र्यांकडे देतात, आणि अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. ज्यांना हे काम आतून माहीत आहे त्यांनी तपशिलात लिहा की ओ. मोघम नको.

रोजनामा
आधी हे पक्कं करा की कोर्टाचा कर्मचारी जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे दुय्यम न्यायालयांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाचं. बेलिफ (समन्स-वॉरंट बजावणारा), शिपाई, कनिष्ठ व वरिष्ठ लिपिक, नाझर (कोर्टाची रोकड आणि बजावणी सांभाळणारा), सहायक अधीक्षक या सगळ्यांवर जिल्ह्यापुरता शिस्तीचा अधिकार प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांचा. कर्मचारी बार्शीचा असो, सांगोल्याचा किंवा करमाळ्याचा, अर्ज सोलापूरलाच. तालुक्याच्या न्यायाधीशांकडे दिला तरी तो अहवालासह इकडेच येतो.

नियम तेच, जे राज्याच्या इतर कर्मचाऱ्यांना लागतात: महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ आणि महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९. वर्तणूक नियमांतला नियम ३, "नितांत सचोटी व कर्तव्यपरायणता", जवळपास प्रत्येक दोषारोपात असतो.

लोकायुक्तांकडे अर्ज देऊन वेळ घालवू नका. न्यायालयाचे कर्मचारी त्यांच्या कक्षेबाहेर आहेत.

पूर्वभागकर
बेलिफाच्या खोट्या अहवालाबद्दल सांगा. विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) सगळी घरं सारखी, नंबर पुसलेले. "पत्ता मिळाला नाही" म्हटलं की विषय संपतो. खोटं ठरवायचं कसं?

रोजनामा
दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ५ काढा. नियम १७ खाली समन्स दारावर चिकटवलं, तर कोणत्या परिस्थितीत चिकटवलं, घर कुणी दाखवलं, कुणासमोर चिकटवलं, त्या माणसाचं नाव-पत्ता, हे सगळं अहवालात लागतं. नियम १८ खाली बजावणीची वेळ आणि रीत. नियम १९ असं सांगतो की अहवालावर बेलिफाचं शपथपत्र नसेल, तर न्यायालयाने त्याला शपथेवर तपासलंच पाहिजे. खोटा अहवाल इथंच सापडतो. पंचाचं नाव असतं, पत्ता "रा. सोलापूर" एवढाच. किंवा तेच दोन पंच महिनोन्‌महिने, जुळे सोलापूरपासून होटगीपर्यंत सगळीकडे हजर.

करायचं असं. अहवालाची प्रमाणित नक्कल काढा. त्याच बेलिफाचे त्याच दिवसाचे इतर अहवाल कोणत्या प्रकरणात आहेत ते वकिलामार्फत शोधा. सव्वाअकराला कुंभारीत आणि साडेअकराला मंद्रूपमध्ये, असे दोन अहवाल निघाले तर त्यातला एक तरी खोटा आहे आणि तो सिद्ध करायला साक्षीदारही लागत नाही. एनस्टेप ॲपवरून (बजावणी नोंदवायच्या कोर्टाच्या ॲपवरून) बजावणी झाली असेल तर ठिकाणाची नोंद आणि फोटो यंत्रणेत असतो. अर्जात "सदर नोंद जतन करून तपासावी" हे वाक्य हमखास टाका.

कुंभारवेस
वरच्याला जोडून एक फार महत्त्वाचं, कारण लोक नेमके इथंच बुडतात. बेलिफाविरुद्धच्या तक्रारीने तुमच्याविरुद्धचा एकतर्फी हुकूमनामा (तुम्ही हजर नसताना झालेला निकाल) थांबत नाही! त्यासाठी त्याच संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली वेगळा अर्ज. मुदत ३० दिवस. समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल, तर ही मुदत हुकूमनामा कळल्याच्या दिवसापासून मोजतात. शिस्तीच्या अर्जाच्या निकालाची वाट बघत बसलात तर बेलिफाला शिक्षा होईल आणि तुमचं घरही जाईल. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात टाका.

भीमाकाठ
तक्रार अर्जाचा नमुना आहे का कुणाकडे?

रोजनामा
ठरलेला नमुना नाही. काय असावं ते सांगतो. दावा किंवा दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) क्रमांक, सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक), कोणतं न्यायालय, कर्मचाऱ्याचं पद (नाव माहीत नसेल तरी चालतं, "अमुक तारखेला अमुक वॉरंट ज्यांच्याकडे होते ते बेलिफ" एवढं पुरतं), तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, रक्कम, तिथं आणखी कोण होतं. सोबत नकला आणि शपथपत्र. आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

काय नसावं: "संपूर्ण न्यायालयात भ्रष्टाचार बोकाळला आहे", "वरपासून खालपर्यंत साखळी". अशा एका वाक्याने बाकीची चार खरी वाक्यंसुद्धा हलकी होतात. निनावी अर्ज तर बहुतेक दप्तरी दाखल होतो, म्हणजे कार्यवाहीविना बंद.

हुतात्माबाग
पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग की जिल्हा न्यायाधीश?

तीननंबर_शाई
मागणी चालू असेल, पैसे अजून दिलेले नसतील, तर आधी लाचलुचपत. सोलापूरला त्यांचं युनिट आहे, पुणे परिक्षेत्राखाली. टोल फ्री क्रमांक १०६४. आधी न्यायालयात अर्ज दिलात की समोरचा सावध होतो आणि सापळा फसतो.

क्रम असा असतो. तक्रार लिहून घेतात. मग पडताळणी: सरकारी पंच सोबत, व्हॉइस रेकॉर्डर चालू, आणि मागणी पुन्हा तोंडातून निघते का ते बघायचं. पडताळणीत मागणी आली नाही तर सापळा लावत नाहीत. नोटा तक्रारदाराने आणायच्या, नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहायचे, वर फिनॉल्फ्थॅलिन किंवा अँथ्रासिनची पूड. पहिल्यात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात हात बुडवला की गुलाबी रंग, दुसऱ्यात अतिनील दिव्याखाली निळसर चमक. सापळ्यात गेलेली रक्कम विभाग नंतर परत देतो.

पण रंग म्हणजे पुरावा नव्हे, नुसता आधार. मागणी आणि स्वीकार, दोन्ही सिद्ध व्हावी लागतात. तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तर? नीरज दत्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की इतर साक्षी आणि परिस्थितिजन्य पुराव्यावरूनही मागणी सिद्ध करता येते. तोपर्यंत तक्रारदार फुटला की खटला गेला, असाच समज होता.

पैसे दिले असतील तर? २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच संरक्षण. "दोन वर्षांपूर्वी दिले होते" असं ज्यांना लिहायचंय त्यांनी आधी वकिलाला भेटावं.

हुतात्माबाग
मंजुरीचं काय? कोर्टातला माणूस म्हणून जास्त अडचण येते का?

तीननंबर_शाई
कर्मचाऱ्याच्या बाबतीत उलट सोपं. सापळ्यात जागीच अटक असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७अ ची पूर्वमान्यता लागत नाही. खटल्यासाठी कलम १९ ची मंजुरी, आणि ती द्यायची त्याने, ज्याला त्या माणसाला नोकरीवरून काढण्याचा अधिकार आहे. म्हणजे पुन्हा प्रधान जिल्हा न्यायाधीश. निर्णय ३ महिन्यांत अपेक्षित, कायदेशीर सल्ल्यासाठी आणखी १ महिना. मंत्रालयात फाइल जात नाही.

कोठडी ४८ तासांपेक्षा जास्त झाली की शिस्त व अपील नियमांच्या नियम ४ खाली मानीव निलंबन (आपोआप निलंबित धरणं), अटकेच्या तारखेपासून.

चौपाड
निलंबन झालं म्हणजे घरी बसून अर्धा पगार. शिक्षा कसली ती?

रोजनामा
निलंबन शिक्षा नाहीच, हे लोकांना पटवणं कठीण आहे खरं. पहिले ३ महिने अर्धवेतनी रजेइतका निर्वाह भत्ता. पुढे दिरंगाई कुणामुळे होतेय ते बघून तो ५० टक्क्यांपर्यंत वाढवता किंवा कमी करता येतो. कर्मचाऱ्याने दुसरीकडे काम करत नसल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. भत्ता थकवू नये. भत्त्याअभावी माणूस चौकशीला येऊ शकला नाही तर एकतर्फी चौकशी टिकत नाही, हे कॅप्टन पॉल अँथनी प्रकरणात (१९९९) स्पष्ट झालं. त्याच निकालात हेही आहे की फौजदारी खटला आणि खातेनिहाय चौकशी एकाच वेळी चालू शकतात. गुंतागुंतीचे, एकाच पुराव्यावरचे गंभीर आरोप असतील तरच चौकशी थांबवायची. तरीही "खटल्याचा निकाल लागू द्या" म्हणत चौकशी वर्षानुवर्षं बासनात ठेवणं ही सवय काही जात नाही.

आणि ३ महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे रेटता येत नाही. अजयकुमार चौधरी, २०१५.

कुंभारवेस
आता धाग्याच्या शीर्षकातल्या तिसऱ्या भागावर येतो, कारण माझ्या मते सगळी मेख तिथं आहे. मोठी शिक्षा द्यायची असेल तर शिस्त व अपील नियमांच्या नियम ८ प्रमाणे पूर्ण चौकशी. दोषारोपपत्राला चार जोडपत्रं: एकात दोषारोप, दुसऱ्यात त्याचा तपशीलवार आधार, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी, चौथ्यात साक्षीदारांची. चौकशी हरते ती बहुधा याच चार कागदांत, पहिल्या साक्षीदाराने तोंड उघडायच्या आधी.

वाईट दोषारोप: "आपण पक्षकारांशी उद्धट वागता, कामात हलगर्जी करता व आपली सचोटी संशयास्पद आहे." याला उत्तर काय देणार? आणि सिद्ध तरी काय करणार?

चांगला दोषारोप: "दरखास्त क्रमांक अमुकमधील ताबा वॉरंट अमुक तारखेला मिळाले असता, आपण अमुक तारखेस सकाळी ११ वाजता 'घरास कुलूप, ऋणको हजर नाही' असा अहवाल सादर केला. प्रत्यक्षात त्या वेळी आपण त्या ठिकाणी गेला नव्हता. असा खोटा अहवाल देऊन नियम ३ चा भंग केला." एक दोषारोप, एक घटना, एक तारीख. तीन घटना असतील तर तीन दोषारोप. एकत्र बांधले की एक पडला तर तिन्ही पडतात.

मागच्या शिक्षांचा आधार शिक्षा ठरवताना घ्यायचा असेल तर तेही आधी कळवावं लागतं. हे तर १९६३ पासून, मांचे गौडा प्रकरणापासून ठरलेलं आहे, पण अंतिम आदेशात अचानक "पूर्वेतिहास पाहता" उगवतंच.

पूर्वभागकर
प्राथमिक चौकशीत जबाब घेतलेले असतात ना? तेच का नाही वापरत?

कुंभारवेस
प्राथमिक चौकशी फक्त दोषारोप लावण्याइतकं काही आहे का हे बघायला. तिथला जबाब कर्मचाऱ्याच्या गैरहजेरीत घेतलेला असतो. तो वापरायचा तर माणसाला नियमित चौकशीत बोलवा, उलटतपासणी होऊ द्या. रूपसिंह नेगी (२००९) वाचा: पोलिसांचे कागद नुसते फाइलला लावले, ते शाबित करायला कुणी आलं नाही, शिक्षा रद्द.

तीननंबर_शाई
नेगी सगळीकडे लावू नका. हरियाणा विरुद्ध रतन सिंग (१९७७) मध्ये बस कंडक्टरने पैसे घेऊन तिकीट दिलं नव्हतं. प्रवाशांना तपासलं नाही, तपासणी पथकाच्या निरीक्षकाची साक्ष पुरली. खातेनिहाय चौकशीत पुरावा कायदा काटेकोर लागत नाही, संभाव्यतेचा तोल कुणीकडे झुकतो ते बघायचं. त्यामुळे पक्षकार आला नाही म्हणून चौकशी बंद करणं हा निव्वळ आळस.

कुंभारवेस
मान्य, पण तिथं निरीक्षक तरी पिंजऱ्यात आला. कागद शाबित करायला एक तरी जिवंत माणूस हवा, एवढंच माझं म्हणणं. नाझर विभागातल्या अपहारात तर हे सोपं असतं: रोकडवही लिहिणारा, चलन घेणारा, पावतीपुस्तक ताब्यात असणारा, तिघेही आतलेच.

भीमाकाठ
पैशाचा अपहार कसा पकडतात तेही लिहा. पावतीतला घोटाळा वर आलाय.

रोजनामा
तीन कागद शेजारी ठेवायचे: पक्षकाराकडची मूळ पावती, पुस्तकातली स्थळप्रत, आणि त्या दिवसाचं चलन (रक्कम भरणा केल्याचा कागद). शिवाय प्रकरणाचा रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद), कारण दंड भरल्याची नोंद तिथंही असते. मूळ पावतीवर ५०० आणि स्थळप्रतीवर ५० असेल, तर कार्बन न घालता दोनदा लिहिलंय. अक्षराचा दाब, शाई, रकमेचे अक्षरी शब्द यांवरून कळतं. दुसरा प्रकार जास्त चालतो नि उशिरा सापडतो: रक्कम पूर्ण लिहायची पण भरणा आठ-दहा दिवस उशिरा, मधे वापरून घ्यायची. "पैसे तर भरले की" हा बचाव चालत नाही, तात्पुरता अपहार हाही अपहारच. तिसरा, दाव्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ठेवी, ज्यांचा मालक मेला किंवा विसरला. तिथं खोट्या ओळखीने रक्कम उचलली जाते, म्हणून रक्कम देण्याच्या अर्जावर ओळख देणाऱ्या वकिलाची सही बघायची.

मुद्देमालाचं (खटल्यात जप्त केलेल्या वस्तूंचं) तेच: नोंदवही आणि प्रत्यक्ष वस्तू वर्षातून एकदा तरी जुळवल्या नाहीत, तर घोटाळा कळतो तो बदली होऊन नवा कारकून चार्ज घेतो तेव्हा.

चौपाड
बनावट हुकूम, बनावट जामीन आदेश बनवला तर सरळ एफआयआरच ना?

कुंभारवेस
इथं घाई करू नका. दस्तऐवज न्यायालयाच्या ताब्यात असताना त्यात खाडाखोड झाली, तर फिर्याद त्या न्यायालयानेच द्यावी लागते. पूर्वीचं फौजदारी संहितेचं कलम १९५ व ३४०, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २१५ व ३७९. बाहेर बनवून आणलेला बनावट कागद असेल तर हा अडसर नाही, हे इक्बालसिंग मारवाह (२००५) मध्ये ठरलं. कागद कुठं खोटा झाला, हा पहिला प्रश्न. तो न विचारता नोंदवलेला गुन्हा पुढे उच्च न्यायालयात उडतो आणि मग कर्मचारी सांगत सुटतो की "मी निर्दोष सुटलो". खातेनिहाय चौकशीला मात्र या कशाचीच अडचण नाही.

हुतात्माबाग
चौकशी अधिकारी न्यायाधीशच असतात. मग चुका होतातच कशा?

रोजनामा
उलट न्यायाधीश असल्यामुळे एक ठरावीक चूक होते. खटला चालवायची सवय, म्हणून सादरकर्ता अधिकारी (चौकशीत खात्याची बाजू मांडणारा) कच्चा असेल तर स्वतःच साक्षीदाराला प्रश्न विचारू लागतात. खुलाशापुरतं ठीक, पण सरतपासणीच स्वतः घेतली की "चौकशी अधिकारीच फिर्यादी झाले" हा मुद्दा बचावाला आयता मिळतो.

बचाव सहायक म्हणून सहकारी कर्मचारी घेता येतो. वकील सहसा नाही, पण सादरकर्ता कायद्याचा जाणकार दिला असेल तर कर्मचाऱ्यालाही वकील नाकारू नये.

मग अहवाल. त्याची प्रत कर्मचाऱ्याला देऊन म्हणणं मागवायचं, ही करुणाकर प्रकरणापासूनची (१९९३) सक्ती. जिल्हा न्यायाधीशांना अहवाल पटला नाही तर असहमतीची तात्पुरती कारणं आधी कळवायची, निष्कर्ष नंतर काढायचा. योगीनाथ बागडे प्रकरण (१९९९) महाराष्ट्रातल्याच न्यायिक अधिकाऱ्याचं आहे. चौकशी अधिकाऱ्याने आरोप सिद्ध नाहीत म्हटलं, उच्च न्यायालयाच्या शिस्तपालन समितीने आधीच उलट निष्कर्ष पक्का केला आणि मग नोटीस काढली. सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली.

पूर्वभागकर
म्हणजे न्यायाधीशांविरुद्धही अशीच चौकशी?

रोजनामा
हो, पण ती उच्च न्यायालय करतं, जिल्हा न्यायाधीश नव्हे, आणि बडतर्फीचा आदेश राज्यपालांच्या नावे निघतो. तक्रारीला शपथपत्र आणि पडताळता येईल असा पुरावा जोडलेलाच हवा. सरन्यायाधीशांच्या ऑक्टोबर २०१४ च्या पत्रापासून ही अट आहे. निकाल चुकीचा वाटतो एवढ्यावर शिस्तभंग होत नाही, त्यासाठी अपील आहे.

आणि "साहेबांना द्यायचे आहेत" म्हणून एखादा वकील किंवा दलाल पैसे घेत असेल, तर लाचलुचपत कायद्याचं कलम ७अ त्याच्यासाठीच आहे. वकिलाविरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे, अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली, वेगळी तक्रार.

चौपाड
शेवटी शिक्षा काय होते? दोन वेतनवाढी रोखतात, झालं.

कुंभारवेस
ठपका, वेतनवाढ रोखणे, नुकसानीची वसुली या किरकोळ शिक्षा, त्या नियम १० च्या छोट्या कार्यवाहीत देता येतात. जबर शिक्षांमध्ये पदावनती, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी. शेवटच्या दोहोंत फरक एवढाच की बडतर्फ माणसाला सहसा पुन्हा सरकारी नोकरी मिळत नाही. खोटा अहवाल किंवा अपहार सिद्ध झाल्यावर वेतनवाढ रोखून सोडणं मला अजिबात पटत नाही. पण चारपैकी दोन दोषारोप ढिसाळपणे लिहिल्यामुळे पडले असतील तर आदेश देणाऱ्याचाही हात आखडतो.

निवृत्तीच्या तोंडावरच्या माणसाबद्दल: निवृत्त झाल्यावर नवी चौकशी सुरू करायची तर निवृत्तिवेतन नियम १९८२ चा नियम २७, आणि घटना ४ वर्षांहून जुनी नको. म्हणून तक्रारीत तारीख लवकर नोंदली जाणं महत्त्वाचं.

भीमाकाठ
शिक्षा झालेला कर्मचारी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जातो का? आणि तक्रारदाराला माहिती अधिकारात चौकशी अहवाल मिळतो का?

तीननंबर_शाई
मॅट नाही. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा १९८५ च्या कलम २ ने दुय्यम न्यायालयांचे कर्मचारी वगळले आहेत. आधी उच्च न्यायालयाच्या प्रशासकीय बाजूकडे अपील, मग रिट (उच्च न्यायालयातच न्यायिक बाजूने अर्ज). सोलापूरच्या रिट आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, १८ ऑगस्ट २०२५ पासून. रिटमध्ये पुरावा पुन्हा तोलत नाहीत. पद्धत चुकली का, शिक्षा डोळ्यांत खुपेल इतकी विषम आहे का, एवढंच.

माहिती अधिकारात दुसऱ्याच्या शिस्तभंगाचे कागद सहसा नाकारतात, गिरीश देशपांडे निकालामुळे (२०१२). "माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढंच विचारा, त्याला उत्तर द्यावं लागतं. वर्ष उलटूनही चौकशी रखडली असेल तर स्मरणपत्रात प्रेमनाथ बाली (२०१५) लिहा. तो दिल्लीच्या न्यायालयातलाच कर्मचारी होता, निलंबन नऊ वर्षांहून जास्त चाललं, आणि सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चौकशी शक्यतो ६ महिन्यांत, फार तर १ वर्षात संपवा.

पूर्वभागकर
तक्रारदाराला साक्षीला बोलावलं तर प्रवासभत्ता मिळतो का? विडी कामगार बाईचा एक दिवस बुडतो म्हणजे त्या दिवसाची मजुरी जाते.

रोजनामा
समन्स मिळाल्यावर हजर झालेल्याच दिवशी चौकशी अधिकाऱ्यांकडे लेखी मागा, आणि हजेरीचा दाखलाही घ्या. नंतर मागितलं तर बिल निघायला अडचण येते. मराठी वाचता येत नसेल, तेलुगू किंवा कन्नडच येत असेल, तर जबाबाआधीच दुभाष्या मागा आणि तो दिल्याची नोंद कार्यवृत्तात करून घ्या. जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका.